मुका संगणक आणि कुंभाराचें गाढव

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कोठें बिघडली हें पाहण्यापूर्वींच कोणामुळें बिघडली हें ठरवून मोकळें होण्याची आपल्या कुटुंबांतून जुनी रीत आहे. दिवा लागला नाहीं कीं तारवाला नालायक, घड्याळ मागें पडलें कीं त्यास शेवटचा हात लावणारा मुलगा द्वाड, आणि संगणक बोलेनासा झाला कीं त्याचें साउंड कार्ड जळालें! नाडी न पाहतां मात्रा उगाळणाऱ्या वैद्यास आपण उंबरठ्याच्या आंत येऊं देणार नाहीं. यंत्राच्या बाबतींत मात्र आपण सर्वच तसले वैद्य होतों. निदान ही एक गोष्ट आहे आणि आरोप ही दुसरी. हा भेद न ओळखल्यामुळें चांगलीं यंत्रें अडगळींत जातात, आणि नको त्या वस्तूवर पैसा खर्च होऊन मूळ दोष जागच्या जागींच राहतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मुका झालेला संगणक हा आहे. विषय दिसावयास किरकोळ. परगांवच्या मुलाशीं बोलणें चार दिवस लांबेल, नातवंडांचीं गाणीं बंद पडतील, याहून त्यांत काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. डोळसांच्या घरीं तें खरेंही आहे. परंतु ज्या घरांत एखादें दृष्टिहीन माणूस संगणकाच्या बोलण्यावर आपला अभ्यास किंवा आपली उपजीविका चालवीत असेल, त्या घरांत ही गोष्ट किरकोळ नाहीं. डोळस माणसाचा संगणक मुका झाला तर त्याची करमणूक थांबते. अंध माणसाचा संगणक मुका झाला तर त्याच्यापुरता सर्व संगणकच नाहींसा होतो. तेथें मौन म्हणजेच अंधार.

ज्या वाचकांस या विषयाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. पडद्यावरील अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविणारी जी आज्ञावली असते तिला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकीं एनव्हीडीए नांवाची आज्ञावली ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं लिहावयास घेतली. पुढें जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला. ही आज्ञावली कोणासही विनामूल्य मिळते, आणि तिच्याबरोबर येणारा ईस्पीक नांवाचा कृत्रिम आवाज मराठीही वाचतो. त्याचें वाचन कोरडें आहे, स्वर यंत्राचा आहे. परंतु मध्यरात्रींसही न कंटाळतां तेंच पान दहा वेळां वाचून दाखविणारा दुसरा वाचक कोणत्या घरीं आहे? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टि वयाच्या सहाव्या वर्षीं गेली. संगणकानें वाचून दाखविलेलीं पुस्तकें ऐकून त्यांनीं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी केली, २०१६ च्या परीक्षेंत त्या १२४ व्या आल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत तिरुवनंतपुरम् येथें उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. दृष्टिहीनांस पुस्तकें वाचनसुलभ रूपांत मिळावींत यासाठीं २०१३ सालीं मराकेश येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला तो मान्य करणारें पहिलें राष्ट्र भारत हेंच होय. ती गोष्ट २०१४ सालची. अशा रीतीनें कायदा झाला, आज्ञावली झाली, पुस्तकें झालीं. पण हें सर्व वैभव शेवटीं ज्या एका वाटेनें कानापर्यंत यावयाचें ती वाट बुजली, तर पुढें काय करावयाचें?

आणि ती वाट सिरोंच्यासारख्या ठिकाणीं बुजली तर प्रश्न अधिकच बिकट होतो. आमचा गांव गडचिरोली जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोंकास, प्राणहितेच्या कांठीं. पलीकडील तीर तेलंगणाचें. थोडें खालीं गोदावरीचा संगम व त्याच्या समोर कालेश्वराचें देवस्थान. बाजारांत मराठी, तेलुगु आणि गोंडी या तिन्ही भाषा एका दमांत ऐकूं येतात. अरण्याची शोभा आहे, नद्यांचें पाणी आहे. परंतु जिल्ह्याचें ठिकाण दोनशे किलोमीटरांहून दूर, आणि पावसाळ्यांत नाले भरले म्हणजे रस्त्याचा भरंवसा नाहीं. शहरांतील गृहस्थ यंत्र काखेंत मारून कोपऱ्यावरच्या दुकानांत जाऊं शकतो. आमच्याकडील गृहस्थास तपासणीची विद्या स्वतःच थोडीबहुत अंगीं बाणवावी लागते. ही अडचण खरी. पण पुष्कळ विद्या अडचणींतूनच जन्मास आल्या आहेत.

प्रथम हा आवाज येतो कोठून तें पाहूं. संगणकाच्या पोटांत आवाज नसतोच. असतात ते केवळ आंकडे. आवाज म्हणजे हवेचें कंपन. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. या कंपनाची उंची ठराविक अंतरानें मोजून तिचे आंकडे मांडून ठेवावयाचे, हीच ध्वनि अंकांत उतरविण्याची युक्ति. सर्वांत द्रुत कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी केली तरच मूळ कंपन पुनः उभें करितां येतें. म्हणून संगीताच्या सीडीवर ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळां केलेली असते, आणि प्रत्येक मोजणीस ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी नेमून दिलेली असते. डाव्या व उजव्या बाजूचा हिशेब निराळा. म्हणजे एका सेकंदाच्या गाण्यास ८८,२०० आंकडे झाले. हे आंकडे ओळीनें वाचून त्यांचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करणारा जो अखंड जागा कारकून, तो म्हणजे साउंड कार्ड.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तेव्हां त्याला हा कारकून नव्हता. टुक् टुक् करणारा एक लहानसा स्पीकर एवढाच काय तो त्याचा कंठ. १९८७ मध्यें कॅनडांतील क्वेबेकच्या अ‍ॅडलिब कंपनीनें संगीतासाठीं निराळें कार्ड काढलें, आणि १९८९ मध्यें सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर निघून जगभर पसरलें. त्या काळीं साउंड कार्ड ही खरोखरच एक स्वतंत्र पाटी असे व ती संगणकाच्या खांचेंत बसवावी लागे. पुढें इंटेल कंपनीनें १९९७ मध्यें एसी-९७ व २००४ मध्यें हाय डेफिनिशन ऑडिओ अशा दोन रीती घालून दिल्या, आणि हें काम हळूहळू मदरबोर्डावरीलच एका नखाएवढ्या चिपेकडे आलें. म्हणून आज कोणी ‘साउंड कार्ड बदला’ असा सल्ला दिला तर प्रथम विचारावें कीं, आमच्या यंत्रांत निराळें कार्ड आहे तरी काय? बहुतेक घरगुती यंत्रांत तें नसतें.

आतां ध्वनीची सर्व वाट एका दृष्टींत घेऊं. आमच्या भागांतील वाचकांस बोडी, पाट आणि बांधी यांची ओळख करून देणें नको. बोडींत पाणी भरलेलें असून बांधींतलें धान वाळूं लागलें तर शेतकरी लगेच बोडी फुटली असें म्हणत नाहीं. तो बांधीपासून पाट धरून वर चालत जातो, आणि पाणी कोठवर आलें आहे हें पाहतो. जेथवर पाणी आहे तेथवर दोष नाहीं; जेथें तें थांबलें तेथें बोळा आहे. संगणकांतील ध्वनीच्या पाटावर सहा ठिकाणें आहेत. पहिलें, बोलणारी आज्ञावली. दुसरें, विंडोजसारखी मुख्य कार्यप्रणाली. कोणता आवाज कोणत्या वाटेनें सोडावयाचा हें ती ठरविते. तिसरें, ड्रायव्हर, हा आमच्या बाजारांतल्या दुभाष्यासारखा, कार्यप्रणालीचें बोलणें चिपेच्या भाषेंत सांगणारा. चौथें, स्वतः कार्ड अथवा चिप. पांचवें, वायर घालण्याचें छिद्र व ती वायर. सहावें, स्पीकर. आवाज आला नाहीं याचा अर्थ या सहांपैकीं कोठें तरी पाणी अडलें आहे एवढाच. कार्ड हें सहांतील एक आहे. सहाही तेंच नव्हे.

या ठिकाणीं आपल्या न्यायशास्त्राची थोडी आठवण करणें अप्रस्तुत होणार नाहीं. सतराव्या शतकांतील आंध्र पंडित अन्नंभट्ट यांचा तर्कसंग्रह आमच्या पिढींतील संस्कृताच्या विद्यार्थ्यांनीं घोकलेला आहे. कार्यकारणाचा निर्णय करण्यासाठीं त्या शास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक अशीं दोन साधनें सांगितलीं आहेत. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. तें नसतां दुसरेंही नसणें हा व्यतिरेक. दोन्ही पटले तरच संबंध मानावयाचा. याच शास्त्रांत अन्यथासिद्ध नांवाची एक मोठी मार्मिक कल्पना आहे. घडा तयार होण्यापूर्वीं कुंभाराच्या गाढवानें माती वाहून आणलेली असते. म्हणून गाढव हें घड्याचें कारण होय काय? नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. गाढव त्या वेळीं तेथें होतें इतकेंच. एखादी गोष्ट आधीं घडली म्हणून ती कारण ठरत नाहीं, हा धडा नैयायिकांनीं गाढवाच्या पाठीवरून आपल्या घरापर्यंत पोंचविला आहे. यंत्राची तपासणी करणाऱ्यानें तो विसरूं नये.

याचें एक उदाहरण आमच्याच आळींत घडलें तें सांगतों. एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या भावाची मुलगी जन्मापासून दृष्टिहीन आहे. बाहेरगांवच्या अंधशाळेंत शिकून ती घरीं परत आली व मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास संगणकावर ऐकून करूं लागली. आषाढांत एका रात्रीं मोठी वीज कडाडली, दिवे गेले, आणि संगणकाचा पडदा जळाला. धाकट्या काकांच्या मुलानें दोन दिवसांत दुसरा पडदा मिळवून आणून जोडला. चित्र दिसूं लागलें. पण यंत्र बोलेना. फोनवरून विचारतां एका दुरुस्तीवाल्यानें यंत्र न पाहतांच निकाल दिला कीं, साउंड कार्ड विजेनें गेलें, मदरबोर्ड बदलावा लागेल. परीक्षा बारा दिवसांवर आलेली. घरांतील मंडळींनीं मला बोलाविलें तेव्हां ओसरीवर सुतकी शांतता होती.

“विजेनें जळलें तें जळलें,” वृद्ध आजी म्हणाल्या. “पोरीचें वर्ष जातें कीं राहतें तेवढें सांगा, गुरुजी.”

“काकू, वीज पडली हें खरें,” मीं म्हटलें, “पण तिनें काय काय जाळलें तें अजून कोणीं पाहिलें आहे?”

मुलगी खुर्चींत ताठ बसली होती. ती म्हणाली, “गुरुजी, पंखा फिरतो तो मला ऐकूं येतो, म्हणजे यंत्र जिवंत आहे. पण आंत काय लिहून आलें आहे तें मला कोण वाचून दाखविणार? दादा वाचतो, पण त्यास काय वाचावें हें ठाऊक नाहीं. मला ठाऊक आहे, पण दिसत नाहीं.”

अंधाच्या मुक्या संगणकाची सगळी अडचण या चार वाक्यांत आली. दोष दूर करण्यासाठीं यंत्राचें बोलणें ऐकलें पाहिजे, आणि बोलणें ऐकूं यावें म्हणून आधीं दोष दूर झाला पाहिजे. न्यायशास्त्रांत यास अन्योन्याश्रय म्हणतात. हा पेंच सोडवावयाचा तर कानापर्यंत दुसरी एखादी तात्पुरती वाट काढणें अवश्य होतें.

आम्हीं बांधीकडून आरंभ केला. स्पीकरचा दिवा लागलेला होता. त्याची वायर संगणकांतून काढून एका जुन्या मोबाइलच्या गोल छिद्रांत घातली. भजन स्वच्छ ऐकूं आलें. म्हणजे सहावें ठिकाण निर्दोष, आणि पांचव्यांतील वायरही निर्दोष. मग ती वायर परत योग्य छिद्रांत बसविली, तरी मौनच. तेव्हां घरांतील एका मुलाच्या शिकवणीसाठीं आणलेला यूएसबीचा हेडफोन मागविला. अशा हेडफोनाच्या वायरींतच स्वतःची लहानशी ध्वनिचिप असते, आणि तिच्यासाठीं लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर कार्यप्रणालींत आधींच असतो. म्हणून मदरबोर्डावरील चिप वगळून तो थेट बोलूं शकतो. मुलीनें तो कानांस लावला, आणि क्षणभरानें तिच्या चेहऱ्यावरून आम्हांस कळलें कीं यंत्र बोललें.

पुढचें काम तिनेंच केलें; आम्हीं फक्त पाहत होतों. आज्ञावली बोलते, कार्यप्रणाली चालते, तेव्हां पहिलें ठिकाण सुटलें व शोध मधल्या तीन ठिकाणांवर आला. तिनें ध्वनीच्या मांडणीचें पान उघडून ऐकलें, आणि हंसून म्हणाली, “गुरुजी, हा आवाज पडद्याकडे जातो आहे!” गोष्ट अशी होती. जुना पडदा निळ्या टोंकाच्या व्हीजीए वायरीनें जोडलेला असे. ती वायर केवळ चित्र वाहून नेते. नवा पडदा एचडीएमआय वायरीनें जोडला होता. ती चित्र आणि आवाज दोन्ही वाहून नेते. आवाज घेऊं शकणारें नवें उपकरण आलें असें पाहून कार्यप्रणालीनें सर्व ध्वनि तिकडे वळविला होता. आणि त्या पडद्यास स्पीकर मुळींच नव्हता. पाणी बोडींतून निघत होतें, पाट भरून वाहत होता. तो दुसऱ्याच शेताकडे उघडला होता इतकेंच. मुलीनें यादींतून पुनः स्पीकर निवडला, हेडफोन काढला, आणि खोलीभर तिचा तो कोरडा यांत्रिक आवाज घुमूं लागला. आजींनीं देवापुढें साखर ठेवली. खर्च शून्य. वीज या प्रकरणांत कुंभाराचें गाढव होती. तिनें पडदा जाळला म्हणून नवा पडदा आला खरा, पण आवाज तिनें जाळला नव्हता. वीज न पडतां पडदा बदलला असता तरी हेंच झालें असतें.

या एका उदाहरणावरून प्रत्येक मुका संगणक असाच बरा होईल असें मात्र कोणीं समजूं नये. म्हणून तपासणीचा सर्व क्रम सांगून ठेवतों. त्याचीं सूत्रें तीन. बाहेरून आंत जावें. फुकटची तपासणी आधीं व खर्चाची शेवटीं. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारलें, तर सुधारलें कशानें हें कधींच कळत नाहीं, व तोच दोष पुनः आला म्हणजे आपण पहिल्या इतकेच अज्ञानी असतों.

आरंभीं स्पीकरची वीज, त्याचें आवाजाचें बटण व वायर पाहावी, आणि स्पीकर दुसऱ्या एखाद्या यंत्रास लावून पाहावा. नंतर छिद्र. संगणकाच्या मागील बाजूस बहुधा तीन छिद्रें असतात. हिरवें छिद्र स्पीकरचें, गुलाबी बोलण्याच्या माइकचें, आणि निळें बाहेरचा आवाज आंत घेण्याचें. झाडलोट करतांना निघालेली वायर चुकीच्या छिद्रांत जाणें हें अत्यंत सामान्य कारण आहे. पुढील बाजूचें छिद्र आंतून एका निराळ्या वायरीनें जोडलेलें असतें; ती सुटली तर पुढें मौन आणि मागें आवाज असा प्रकार होतो. तेव्हां दोन्हीकडे लावून पाहावें.

बाहेरची तपासणी झाल्यावर पडद्यावरील मांडणी. आवाज बंद करण्याची खूण चुकून दाबली गेली आहे काय? एकट्या एका आज्ञावलीचा आवाज शून्यावर आहे काय? ध्वनि बाहेर जाण्यासाठीं कोणतें उपकरण निवडलेलें आहे? मग यंत्र एकदां पूर्ण बंद करून पुनः चालू करावें. त्यानेंही न भागल्यास उपकरणांच्या यादींत ध्वनिविभाग पाहावा. तेथें पिवळा त्रिकोण दिसला तर दुभाष्या बिघडला आहे. जुना ड्रायव्हर काढून, संगणक अथवा मदरबोर्ड बनविणाऱ्याच्या स्थळावरून त्याच नमुन्याचा नवा घ्यावा. ध्वनिविभाग यादींत मुळींच दिसत नसेल तर, यंत्र सुरू होतांना जी बायॉसची मांडणी उघडतां येते तींत ध्वनीची चिप बंद करून ठेवलेली नाहीं ना, हें पाहावें.

येथवर येऊनही मौन सुटलें नाहीं तर एक निर्णायक परीक्षा आहे. लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, आंतील कांहींही न पुसतां, संगणक तात्पुरता तिच्यावर चालवितां येतो. तेथें आवाज आला तर चिप निर्दोष असून दोष आपल्या नेहमींच्या कार्यप्रणालींत किंवा ड्रायव्हरांत आहे. तेथेंही आला नाहीं तर मात्र चिपेवरचा संशय बळावतो. यंत्रांत निराळें कार्ड असल्यास या टप्प्यावर पेटी उघडावी, आधीं नव्हे. वीज बंद करून वायर भिंतींतून काढावी. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी. मग कार्ड अलगद काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ कराव्यात, खांचेंतली धूळ झाडावी व कार्ड नीट दाबून बसवावें. दमट हवेनें पट्ट्यांवर मळ धरतो, आणि उबेला मुंग्या व पाली पेटींत वस्तीस येतात, हें आमच्याकडील पावसाळ्यांत नवल नाहीं. हें सर्व करून चिप खरोखरीच गेली असें ठरलें, तरी मदरबोर्ड बदलण्याची घाई नको. यूएसबीचें लहानसें साउंड कार्ड कांहीं शें रुपयांत मिळतें, आणि तें मेलेल्या चिपेचें काम निमूटपणें करितें.

आवाज येतो परंतु घुमतो किंवा खरखरतो, अशीही तक्रार असते. संथ, अखंड घुमणें हें बहुधा घरांतील विजेचें, म्हणजे भुईंत सोडलेल्या अर्थिंगच्या तारेच्या दोषाचें लक्षण. संगणक व स्पीकर एकाच बोर्डावरून घेतल्यास तें पुष्कळदां थांबतें. अर्थिंग नीट आहे कीं नाहीं हें मात्र जाणत्या तारवाल्याकडूनच पाहवून घ्यावें. स्पीकरचें बटण फिरवितांनाच खरखर होत असेल तर दोष त्या बटणांतल्या धुळीचा.

दृष्टिहीन माणूस असलेल्या घरांसाठीं चार गोष्टी निराळ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली, आवाज जाणें आणि वाणी जाणें यांतील भेद ओळखावा. यंत्र सुरू होतांना इतर ध्वनि येतात पण वाचन होत नाहीं, असें असेल तर ध्वनीची सर्व वाट निर्दोष आहे. केवळ वाचणारी आज्ञावली थांबली आहे. एनव्हीडीएमध्यें इन्सर्ट आणि एस या दोन कळा एकत्र दाबल्या गेल्यास बोलणें बंद होतें, आणि त्याच पुनः दाबीत गेल्यास परत येतें. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळें एखादें निर्दोष यंत्रही दुरुस्तीस जाईल. दुसरी, यूएसबीचें लहान साउंड कार्ड अथवा हेडफोन एक जास्तीचा आणून ठेवावा, आणि तो नेहमीं एकाच खणांत असावा. घरांत कंदील असतो तो वीज गेल्यावर विकत आणावयाचा नसतो. तिसरी, स्पीकरच्या वायरीच्या टोंकास दोऱ्याची एक गांठ बांधावी. तीन छिद्रांची उभी रांग असेल तर हिरवें बहुधा मधलें असतें. तें डोळसाकडून एकदां निश्चित करून घेऊन शेजारीं बोटास लागेल अशी खूण चिकटवावी. चौथी, एनव्हीडीएची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून ठेवावी. दुसऱ्याच्या संगणकावरही ती तशीच चालते, आणि परीक्षा तोंडावर असतां शेजारच्या घरचें यंत्र आपलेंसें करितां येतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा क्रम प्रथम ज्याचा संगणक आहे त्यास शिकवावा. आपल्या कुटुंबांतून दृष्टिहीन माणसाविषयीं माया पुष्कळ असते. पण त्या मायेचें रूप बहुधा असें कीं, ‘तूं बस, आम्ही पाहतों.’ पाहणारे अनेक असतात, आणि ते कचेरीस, शाळेस किंवा शेतावर गेलेले असतात. जिचा अभ्यास त्या आवाजावर अवलंबून आहे तिला वाट कोठून कोठें जाते, कोठें अडते आणि कोणत्या गांठीवर हात ठेवावयाचा हें ठाऊक असेल, तर दुपारच्या रिकाम्या घरांतही ती परावलंबी राहत नाहीं. मदतीचा हात द्यावा. परंतु हातांतलें काम काढून घेऊं नये.

सुज्ञ वाचकांनीं यांतून ध्यानांत ठेवावें तें थोडक्यांत इतकेंच. घरांत कोणतेंही यंत्र थांबलें तर आधीं काय घडलें यापेक्षां पाणी कोठवर येतें आहे हें विचारावें. एक एक ठिकाण निर्दोष ठरवीत जावें, आणि शेवटीं जें उरेल त्यासच दोषी म्हणावें. ही शिस्त मुलांस यंत्राच्या निमित्तानें लागली तर ती यंत्रापुरतीच राहणार नाहीं. घरांतील भांडणांत, शेजारच्या कुरबुरींत आणि वर्तमानपत्र वाचतांनाही, समोर उभें असलेलें गाढव आणि खरें कारण यांत त्यांना फरक करितां येईल. आणि तो करितां येणें हें शिक्षणाचें लहानसहान फळ नव्हे.